भिंतीवर आजोबा

आज पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं प्रोजेक्टर केला! बुटांचा खोका, आतून काळा कागद, पुढे भिंग, मागे मोबाइल.

सकाळी आधी भिंग तपासलं. भिंतीपासून 15 सेंटिमीटरवर धरलं, तेव्हा खिडकीबाहेरचा माड भिंतीवर उलटा, पण अगदी रेखीव उमटला. हेच त्याचं नाभीय अंतर. मोबाइल त्याहून जरा मागे, साधारण 18 सेंटिमीटरवर ठेवायचा. अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झालं की सगळं धूसर. दुपार त्यातच गेली.

भिंग चित्र उलटं पाडतं, म्हणून मोबाइल उलटा ठेवला. माणसं सरळ झाली, पण दारावरच्या पाटीची अक्षरं आरशातल्यासारखी! शेवटी व्हिडिओच फ्लिप करून घेतला.

रात्री दिवे मालवले. मीटरभर अंतरावरच्या भिंतीवर अडीच फूट रुंद अंगण उमटलं, आजोळचं. उजेड फिकाच, कारण मोबाइलचा तेवढाच प्रकाश तीसपट जागेवर पसरतो. पण आजोबा लगेच ओळखू आले.

आई उठून भिंतीजवळ गेली. हात पुढे केला, तर त्यांचा पांढरा सदरा तिच्या बोटांवर आला.

"अगं, बाबा तुळशीला पाणी घालतायत बघ," म्हणाली. "पुन्हा लाव ना."

चार वेळा लावला.