लेकीनं सहाला सांगितलं होतं

गुरुवार, सकाळ

बत्तासा गेला. पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी, दवाखान्यातल्या टेबलावर, माझ्या ओढणीत. कालच्या संध्याकाळपासूनचे तास डोक्यात उलटसुलट फिरतायत. ते एकदा ओळीनं लावून ठेवते.

सहा वाजता मी कपिलतीर्थहून भाजी घेऊन आले. पिशवीचा आवाज झाला की आमचे दोघं गिनी पिग, बत्तासा आणि भुऱ्या, पुढचे पाय जाळीला लावून शिट्ट्या मारतात. कोथिंबीर पुढ्यात पडेपर्यंत थांबत नाहीत. साडेतीन वर्षं हे रोजचं. काल शिट्टी एकाचीच आली. माझ्या ते ध्यानातही आलं नाही, लेकीच्या आलं.

"आई, बत्तासा काय बोलंना झालाय."

"झोपला असेल गं."

"झोपला नाही. नुसता बसलाय. मी रोज बघतो की त्याला."

जेवणं झाल्यावर बघू, म्हटलं मी. बाहेर धो धो पाऊस, गॅसवर आमटी, हे शिरोलीला रात्रपाळीला निघालेले, त्यांचा डबा. नऊ वाजता पिंजऱ्यात हात घातला. अंगाचा गोळा करून, केस पिंजारून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. दात कराकरा वाजवत होता. दुपारची ढोबळी मिरची तशीच पडलेली. त्याच्या कोपऱ्यात एकही ताजी लेंडी नव्हती, एरवी तो कोपरा दिवसातनं दोनदा झाडावा लागतो. उचलला तर पोट ताणून घट्ट झालेलं. हलकेच टिचकी मारली, पोकळ वाजलं.

तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. माहेर भोगावतीकाठचं, दारात म्हशी. पावसाळ्याच्या तोंडाला कोवळा चारा जास्त झाला की म्हैस फुगायची, डावी भकाळी, बरगड्यांमागची खोलगट जागा, वर यायची. पप्पा तिच्यावर टिचकी मारून कान लावायचे. गोडेतेल पाजायचे, आणि त्यानंही नाही भागलं तर डॉक्टर येऊन भकाळीत नळी घालायचे. फस्सकन वारा निघायचा आणि थोड्या वेळानं म्हैस रवंथ करायला लागायची. म्हणून काल पहिला फोन पप्पांनाच केला. ते म्हणाले, "तेल पाजू नकोस बाळा. एवढ्याशा जिवाच्या छातीत गेलं तर तिथंच संपंल. डॉक्टर गाठ."

सासूबाईंनी कोमट पाण्यात हिंग कालवून आणला. लेक तान्ही असताना तिच्या बेंबीभोवती लावायच्या तसा त्याच्या पोटाला बोटानं लावत राहिल्या. तोंडानं "उगी, उगी" चाललेलं. मी तोवर फोन करत होते. तीन ठिकाणी सांगितलं, आम्ही गिनी पिग बघत नाही. चौथे म्हणाले, लगेच या.

शेजारच्या भाऊंनी रिक्षा काढली. बिंदू चौकात एक माणूस नव्हतं. लेक त्याला छातीशी धरून बसली होती आणि सारखं सांगत होती, आलं, आलं.

एक्स-रेमध्ये बाकीचं अंग करडं दिसत होतं आणि मधोमध एक मोठा काळा फुगा. तो सगळा वायू, डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी मला जे समजावलं ते मी कधीच वाचलं नव्हतं, साडेतीन वर्षं प्राणी सांभाळून. गिनी पिगला ओकता येत नाही. म्हशीचं फुगतं ते पहिलं पोट, कातडीला टेकलेलं, म्हणून बाहेरून नळी चालते. ह्याचं जठर लहान, बाहेरून टोचलं तर आतलं सगळं पोटात सांडायची भीती. आणि फुगलेलं जठर गप्प बसत नाही. वर फुप्फुसांना जागा ठेवत नाही, आणि हृदयाकडं रक्त नेणारी मोठी शीर दाबून धरतं. त्याचे कान मला थंड लागत होते ते त्यामुळं.

त्यांनी वेदनेचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन दिलं, खाली गरम पाण्याची पिशवी ठेवली. तोंडातनं बारीक नळी जठरापर्यंत घातली. वारा निघाला. पोट मऊ पडलं. एकच्या सुमाराला त्यानं मान वर करून लेकीचं बोट हुंगलं. ती हसली. मीही.

तीन वाजता पोट परत तसंच. जठराला पीळ पडला असावा, डॉक्टर म्हणाले. पीळ सोडवायला पोट उघडावं लागतं, आणि एवढं थंड पडलेलं अंग भुलीतून परत येणं फार कठीण. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही, आम्हाला घाई पण केली नाही. मी विचार करतच होते. त्यानं वाट बघितली नाही.

शुक्रवार

काल दुपारी त्याला घरी पिंजऱ्यात ठेवला, भुऱ्यासमोर. मुद्दाम. दोघं एका विणीचे भाऊ, कळपात राहणारी जात. जोडीदार नुसता नाहीसा झाला तर उरलेला शोधत राहतो असं डॉक्टर म्हणाले होते. भुऱ्यानं त्याचं तोंड हुंगलं, कान हुंगले, अंगाला अंग लावून थोडा वेळ बसला. मग आपण होऊन बाजूला गेला.

संध्याकाळी माहेरी नेऊन बांधाला पुरला. पप्पांनी खड्डा खोल काढला, कुत्री उकरतील म्हणून वर दगड रचले. चिखलात गुडघे टेकून एकेक दगड बसवत होते.

आज जिन्यात एक बाई म्हणाल्या, "एवढ्याशा उंदरासाठी रडताय? दुसरा आणा की." त्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण मला ते लागलं, आणि ते इथं लिहायला मला लाज वाटत नाही. त्याला माझ्या हाताचा वास कळायचा. माझ्या पावलांवर तो उठायचा. जीव केवढा ते वजनावर कसं ठरवायचं?

रविवार

सारखी कारण शोधते आहे. पावसानं घरातलं वाळलं गवत सर्दावलं, त्याला बुरशीचा वास यायला लागला, म्हणून मी ते फेकलं. ते बरोबरच केलं. पण त्यानंतर चार दिवस नुसती ओली हरळी आणि भाजी घातली, आणि गवताची तजवीज उद्यावर ढकलत राहिले. ह्या प्राण्यांचं मुख्य अन्नच वाळलं गवत. त्यांचे दात जन्मभर वाढतात, ते गवतावरच झिजतात. आतडंही त्याच्याच चोथ्यावर चालतं. डॉक्टरांना परत फोन करून विचारलं. ते म्हणाले, आहार एकदम बदलला हे कारण असू शकतं; दाढ दुखत असेल, म्हणून खाणं कमी झालं असेल, असंही असू शकतं. ठाम सांगता येणार नाही.

आज लेकीनं विचारलं, "आई, मी अजून जोरात सांगायला पाहिजे होतं का?"

चार दिवस पोर हे घेऊन फिरत होती. मी तिला समोर बसवलं. सांगितलं, तू सहाला सांगितलंस, अगदी बरोबर सांगितलंस. नऊपर्यंत मी बघितलं नाही. उशीर माझा, तुझा नाही. तीन तास आधी नेलं असतं तर तो वाचला असता का, हे डॉक्टरांनाही विचारलं होतं. कदाचित, म्हणाले. ते "कदाचित"ही मी तिला सांगितलं. ती बराच वेळ माझ्या हाताशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "आता मी सांगितलो की लगेच बघायचं." हो म्हटलं.

शिकाऱ्याच्या तोंडी जाणारे हे प्राणी आजार लपवतात. दिसायला लागतो तोवर बराच पुढं गेलेला असतो. खाणं थांबलं, लेंड्या थांबल्या, की सकाळची वाट बघायची नाही. मला हे बुधवारी सहा वाजता माहीत असायला हवं होतं.

बुधवार

भुऱ्या रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर, जुन्या डब्यात बसतो. वही लेकीकडं. गुरुवारी 912 ग्रॅम, सोमवारी 884, आज 890. डॉक्टर म्हणाले खातोय तोवर काळजी नाही, वजन घसरत राहिलं तर आणा. खातो. शिट्टी मात्र अजून एकदाही मारलेली नाही. पिशवी वाजली की जाळीपाशी येतो आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघतो, असं मला वाटतं. सासूबाई आता दुपारची पोथी त्याच्या पिंजऱ्याशेजारी बसून वाचतात.

आज पप्पा एस.टी.नं आले. न सांगता. खांद्यावर पोतं, वर प्लास्टिकचा कागद घट्ट बांधलेला. उन्हाळ्यात कापून माळ्यावर ठेवलेलं गवत, म्हशींच्या वाटणीतलं. चहा नको म्हणाले. सोप्यात पोतं उपडं केलं, चष्मा लावला आणि लेकीला शेजारी घेऊन एकेक मूठ नाकाशी धरून बघायला लागले. काळी पडलेली काडी दिसली की बाजूला टाकायची. ह्यात त्यांचे दोन तास गेले. घरभर माळ्याचा वास.

निघताना उंबऱ्यातनं मागं वळून म्हणाले, "पोतं फरशीला टेकवू नको गं. खालनं सर्द होतंय. पाट घाल."