तुम्ही विचारलंत म्हणून: मॅक्रॉस कुठली बघायची?

मी पुण्यात जपानी शिकवते. दर वर्षी नवी बॅच स्थिरावली की कुणीतरी वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळतं आणि विचारतं, "मॅडम, मॅक्रॉस बघायची आहे, कुठून सुरू करू?" लगेच पुढचा प्रश्न येतो, "तुमच्याकडे त्याच्या डीव्हीडी आहेत म्हणे. अजून ठेवल्यात? कशासाठी?" पुढची बॅच दारात ताटकळत असते, त्यामुळे माझं उत्तर दर वेळी अर्धंच राहतं. आज पूर्ण लिहिते.

मॅक्रॉस ही जपानी ॲनिमेशन मालिका, तिच्या पुढे आणखीही मालिका निघाल्या. बघायची ती १९८२ ची मूळ मालिका, छत्तीसच्या छत्तीस भाग, आणि जपानी आवाजातच. डिस्का ठेवल्यात त्याही याच आवाजासाठी.

आधी मालिकेबद्दल. ३ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये ती सुरू झाली आणि पुढच्या जूनपर्यंत रविवारी दुपारी लागत राहिली. आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झालं, तेच हे साल. दिग्दर्शक नोबोरू इशिगुरो. विमानाचा यंत्रमानव होतो ती सगळी कल्पना शोजी कावामोरींची, आणि माणसांचे चेहरे हारुहिको मिकिमोतोंचे. दोघंही तेव्हा विशीत होते, आणि ते वय पडद्यावर जाणवतं. गोष्ट अशी: १९९९ मध्ये परग्रहावरचं एक अजस्र जहाज पृथ्वीवर, एका बेटावर कोसळतं. माणसं दहा वर्षं खपून ते दुरुस्त करतात. ते पहिल्यांदा उडणार त्याच दिवशी झेंट्राडी नावाचे महाकाय योद्धे चालून येतात. पळून जाण्यासाठी जहाज अवकाशात उडी मारतं. जायचं असतं चंद्राच्या पलीकडे. पोचतं प्लूटोच्या कक्षेजवळ, तेही आख्खं बेट आणि भोवतालचा समुद्र सोबत ओढून. बेटावरची हजारो माणसं मग जहाजाच्या पोटात गाव वसवतात. रस्ते होतात, दुकानं लागतात, चिनी खाणावळ पुन्हा उघडते. घरी परतायला महिनोन्‌महिने लागणार असतात.

त्या खाणावळीत राहणारी मुलगी म्हणजे लिन मिनमेई. गाणं म्हणते, पुढे मोठी गायिका होते. हिकारू इचिजो हा हवाई कसरती करणारा पोरगा, युद्धात ओढला जातो. मिसा हायासे ही जहाजाच्या नियंत्रणकक्षातली अधिकारी. ही तीन माणसं आणि त्यांच्यातला गुंता हीच गोष्ट आहे. अवकाशयुद्ध सगळं त्यांच्या भोवती चालतं.

प्रेमकथा म्हणून ती कुठे पकडते? चौथ्या भागात. हिकारू आणि मिनमेई जहाजाच्या एका बंद भागात अडकतात. कुणाला पत्ता नाही, बाहेर पडायला वाट नाही, दिवसांमागून दिवस जातात. खायचं संपत येतं. आणि बाहेर, काळ्या पोकळीत, एक ट्यूना तरंगताना दिसतो, बेटासोबत आलेल्या समुद्रातला. हिकारू जिवावर उदार होऊन तो आणायला बाहेर जातो. परत येताना दार बंद होतं आणि हाती राहतं ते माशाचं नुसतं डोकं! दोघं तेवढ्यावरही खूश. पुढे सुटकेची आशा मावळते तेव्हा मिनमेई म्हणते, नवरी व्हायचं राहूनच जाणार. मग दोघं तिथेच लग्नाचा खेळ मांडतात. जवळ येतात न येतात तोच छत फुटतं आणि सुटका होते. वर येऊन बघतात तर गाव वसलेलं, माणसं कामाला लागलेली. त्या कोठडीत जे दोघांचं होतं ते उजेडात आल्याबरोबर एकट्या हिकारूचं उरतं. हा भाग मी कितीही वेळा बघितला तरी शेवटी घशात काहीतरी अडकतं.

आता भाषेकडे येते, कारण तुम्ही माझे विद्यार्थी आहात. सुरुवातीच्या भागांत हिकारूला पडद्यावर मिसाचा चेहरा दिसतो, ती त्याला खडसावत असते, आणि तो तिला "ओबासान" म्हणतो. इंग्रजीत त्याचं काहीतरी म्हातारी-बितारी होतं आणि ते नुसतं उर्मट वाटतं. मराठी कानाला मात्र ते लगेच कळतं. एकोणीस वर्षांच्या मुलीला कुणी "ओ काकू" म्हटलं तर तिला कसं लागेल, हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. पुढे तो तिला पदाने हाक मारतो, हायासे ताईई, म्हणजे कॅप्टन हायासे. आणि खूप पुढे नुसतं मिसा. काकू, मग हुद्दा, मग नाव. एवढं अंतर कापायला मालिकेला छत्तीस भाग लागतात. मूळ आवाज काढून घेतला की हा प्रवास अर्धाअधिक पुसला जातो.

गाण्याचं तर त्याहून जास्त. झेंट्राडींना युद्धाशिवाय काही ठाऊक नाही. त्यांचे पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, गाणं नाही, घर नाही. अकराव्या भागात पकडलेल्या हिकारू आणि मिसाला त्यांच्या सेनापतीपुढे चुंबन घेऊन दाखवावं लागतं आणि ते सगळे राक्षसी योद्धे हादरतात. "देकारुचा!" हा त्यांचा उद्गार पुढे चाहत्यांच्या तोंडी बसला. त्यांचे तीन हेर माणसांत मिसळून मिनमेईची बाहुली घेऊन परत जातात आणि तिची गाणी सैन्यात पसरतात. सत्ताविसाव्या भागात लाखो जहाजांचा ताफा पृथ्वी जाळतो, आणि त्याच वेळी मिनमेई गात असते. शत्रूच्या हालचाली मंदावतात त्या तोफेमुळे नव्हे, त्या आवाजामुळे.

तो आवाज मारी ईजिमाचा. तेव्हा ती संगीत शिकणारी एकोणीस वर्षांची मुलगी होती. संवाद तिचेच, गाणीही तिनेच म्हटलेली. तो आवाज कसलेला नाही, थोडा कोवळा आहे, आणि म्हणूनच खाणावळीतली मुलगी गातेय हे पटतं. संगीत नाटकातली पदं काढून दुसऱ्याच चालीची, दुसऱ्याच भाषेतली घातली तर जे होईल, तेच ही गाणी बदलली की होतं.

आणि नेमकं तेच झालं. १९८५ मध्ये अमेरिकेत हार्मनी गोल्ड या कंपनीने ही मालिका दाखवली ती रोबोटेक म्हणून. तिथे रोज मालिका लावायची तर निदान ६५ भाग हवेत असा रिवाज होता. म्हणून कार्ल मेसेक यांनी एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या तीन जपानी मालिका जोडून ८५ भागांची एक गोष्ट केली. हिकारूचा रिक झाला, मिसाची लिसा झाली. पार्श्वसंगीत नवं, गाणी नवी, इंग्रजी. ते काम मेहनतीचं होतं आणि त्याने अमेरिकेतल्या एका पिढीला जपानी ॲनिमेशनची गोडी लावली, हे मी मनापासून मान्य करते. पण ज्या गोष्टीत गाणं हेच शस्त्र, तिथलं गाणंच काढून घेतलं होतं.

म्हणून २००१ चं मोल. त्या वर्षी ॲनिमएगो या छोट्या अमेरिकन कंपनीने मूळ मालिका इंग्रजी उपशीर्षकांसह डीव्हीडीवर काढली. नऊ डिस्का, प्रत्येकीवर चार भाग. इंग्रजी वाचणाऱ्या प्रेक्षकाला संपूर्ण, न कापलेली मॅक्रॉस हाती मिळाली ती तेव्हा. चित्र स्वच्छ करून घेतलेलं होतं, आवाज मूळ. या कंपनीच्या संस्थापकांपैकी रॉबर्ट वुडहेड हे मुळात विझर्ड्री या जुन्या कम्प्युटर गेमच्या दोन कर्त्यांपैकी एक. त्यांच्या उपशीर्षकांची एक खोड मला फार आवडते: दोन माणसं एकदम बोलत असली की दोन रंगांत ओळी येतात. कुणाचं वाक्य कुठलं हे शिकणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही.

माझा संच २००३ मध्ये माझ्या मामेभावाने अमेरिकेहून येताना आणला. दादाच्या बॅगेत साड्यांच्या घड्यांमध्ये तो बसवला होता. अमेरिकेचा डीव्हीडी विभाग १ आणि आपला ५, आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर सहसा चालत नाही, त्यामुळे इथे चालेल की नाही ही धास्ती होती. कम्प्युटरवर चालला. मी तेव्हा जपानीच्या दुसऱ्या वर्षाला होते. एका हातात वही, दुसरा हात थांबवायच्या बटणावर, असे ते छत्तीस भाग मी तीन महिने बघत होते. शब्दकोशात न सापडणारे शब्द मी त्या वहीत लिहिले. "ओबासान"समोर मी तेव्हा लिहिलेलं "काकू" अजून तसंच आहे.

२००६ मध्ये ए.डी.व्ही. या कंपनीने नवं इंग्रजी डबिंग केलं. त्यात मिनमेईचा आवाज द्यायला त्यांनी मारी ईजिमालाच बोलावलं. चोवीस वर्षांनी तीच बाई, परक्या भाषेत, तीच मुलगी होऊन बोलते. तेही मी ऐकलं आहे आणि मला ते हलवून गेलं. पण पहिल्यांदा बघताना जपानीच बघा.

मालिकेच्या हक्कांवरून मधे जे भांडण झालं त्याबद्दल थोडक्यात. मालिकेचे परदेशी हक्क तात्सुनोको या जपानी कंपनीकडे, त्यांच्याकडून हार्मनी गोल्डकडे. पात्रांची आणि विमानांची मूळ रेखाटनं मात्र बिग वेस्ट आणि स्टुडिओ नुए या दुसऱ्या जपानी कंपन्यांची. हे जपानी न्यायालयात ठरलं, आणि त्यानंतर वीसएक वर्षं पुढच्या बहुतेक मॅक्रॉस मालिका रीतसर परदेशी जाऊ शकल्या नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये बिग वेस्ट आणि हार्मनी गोल्ड यांचा समझोता जाहीर झाला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. त्या सगळ्या वर्षांत ज्यांच्याकडे डिस्का होत्या त्यांना कुणाच्या करारमदारांची वाट बघावी लागली नाही.

विद्यार्थ्यांचा आणखी एक आग्रह असतो: "सत्तावीस भागांत युद्ध संपतं ना, मग पुढचे नऊ सोडले तर?" सोडू नका. मालिका मुळात तिथेच संपणार होती, लोकप्रिय झाली म्हणून वाढवली, हे खरं. चित्रांचा दर्जाही सगळीकडे सारखा नाही. काम बाहेर वाटून दिलेलं होतं आणि काही भागांत चेहरे ओळखू येत नाहीत. तरी ते नऊ भाग मला जास्त जवळचे वाटतात. दोन वर्षं उलटली आहेत, जळालेल्या पृथ्वीवर बर्फ पडतोय, काही झेंट्राडींना शांततेत राहणं जमत नाही, मिनमेईला ऐकायला पूर्वीची गर्दी नाही. मिसा हिकारूच्या घरी जाऊन पसारा आवरते, आणि तो मिनमेईचा फोन आला की धावतो. जग वाचवल्यानंतर रोजच्या दिवसात कुणासोबत राहायचं, हे हिकारूला ठरवता येत नाही. हा प्रश्न दुसऱ्या किती अवकाशकथांनी विचारला?

डिस्का उसन्या का देत नाही, तेही सांगते. सातवी डिस्क एकदा दिली होती. मॅक्स हा वैमानिक आणि मिलिया ही झेंट्राडी योद्धा, त्यांचं लग्न तिच्यावर, सत्ताविसावा भागही तिच्यावर. परत आली तेव्हा उजेडात धरल्यावर आडवा चरा दिसला. अजून चालते, पण मी ती फक्त कडेने धरते आणि बघून झाली की लगेच डबीत ठेवते.

शनिवारचा वर्ग चारला सुटतो. लॅपटॉपला बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मी आणून ठेवला आहे. पहिली डिस्क लावू, पहिले चारही भाग, ट्यूनाच्या डोक्यापर्यंत. येताना वही आणा.