सोलरचं काम आहे, आधी १९६१चा कागद शोधा

ऐरोली-घणसोलीतल्या सोसायट्यांच्या गच्चीवर मी सोलर पॅनेल बसवतो. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड, मग सोलरचं प्रशिक्षण, मग नोकरी, सगळं रीतसर झालं. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, घराला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळायला लागलं, तेव्हापासून कामाला तोटा नाही. तुर्भ्याच्या दगडखाणीवर वाढलेल्या आमच्या पोरापोरींनी यात यायलाच हवं. पण आयटीआयच्या राखीव जागेसाठी जातीचा दाखला लागतो, आणि गाडी अडते ती तिथंच.

आम्ही वडार. विमुक्त जाती अ, आरक्षण ३ टक्के. दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आमचे आजोबा तेव्हा दगड फोडत गावोगाव फिरत होते. ना शाळा, ना सातबारा. इथल्या सरकारी कचेरीच्या खिडकीवर दर खेपेला नवा कागद मागायचे. आधी रेशनकार्ड, मग वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला. वडील शाळेची पायरी चढले नाहीत म्हटलं, तर "मग आम्ही काय करू?" आई मजुरी बुडवून माझ्यासोबत रांगेत उभी असायची. तिच्यादेखत ऐकलेलं ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. आणि मूळ गोष्ट त्या खिडकीनं सांगितलीच नाही: १९६१ ला आजोबा ज्या जिल्ह्यात राहत होते, अर्ज तिथल्या प्रांताधिकाऱ्याकडे करायचा असतो. आमचं म्हणजे सोलापूर. हे सांगितलं बाहेर फॉर्म भरून देणाऱ्या एका काकांनी.

आजोबांचा धाकटा भाऊ बार्शीजवळच्या एका गावात काही महिने पहिलीत बसला होता. हेडमास्तरांनी लोखंडी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. पानांच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण जातीच्या रकान्यात निळ्या शाईत 'हिंदू वडार' ठळक. तो उतारा आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर दाखला झाला.

म्हणून आधी वडिलांकडच्या नात्यात फोन करा. चुलते, चुलत आजोबा, कुणाचा जातीचा दाखला किंवा तो तपासून मिळालेलं जात वैधता प्रमाणपत्र आहे का विचारा. कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीतली, जन्माची नोंदही चालते. अर्ज देऊन पोचपावती घ्याच; तोंडी नकारावर घरी येऊ नका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं, पण हातात पावती नसेल तर कशावर करणार?

कामावर जाणाऱ्यांसाठी एक: ऊन आहे तोवर पॅनेल बंद होत नाही, वायर सुटी दिसली तरी टोकाला व्होल्टेज असतं. हार्नेस (उंचावरून पडू नये म्हणून बांधायचा पट्टा) न देणाऱ्या ठेकेदाराकडे पगार जास्त असला तरी जाऊ नका.

हो, आम्हाला नॉन-क्रीमी लेयरचा, म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचा, दाखलाही लागतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला काढताना तीन वर्षांचाच काढा.

धाकट्या बहिणीला वायरमन ट्रेडला जायचंय. तिचा अर्ज माझा दाखला जोडून थेट सोलापूरला टाकलाय, पोचपावती घेऊन.