एआरटी सेंटर (एचआयव्हीच्या गोळ्या फुकट मिळतात ते सरकारी केंद्र) बदलायचंय? गोळ्या संपायच्या आत हे वाचा (माझा अनुभव)

एचआयव्हीची लोकं गोळ्या मधेच का सोडतात असा विषय निघाला की उत्तर ठरलेलं, पेशंटच बेफिकीर. मला याचा आधीपासून राग यायचा आणि आता जास्तच येतो, कारण २०१४ पासून न चुकता गोळी घेणारा मी, गोळ्या सुटता सुटता वाचलो आणि त्यात माझ्या बेफिकिरीचा काही संबंध नव्हता. कॉम्प्युटरवरची एक एन्ट्री अडली होती, बस.

झालं असं की आई नागपूरला, नंदनवनला एकटी असते म्हणून पुण्याहून परत आलो, बुटीबोरीला काम मिळालं. निघायच्या आधी पुण्याच्या सेंटरमधून ट्रान्सफरचा कागद घेतला, ग्रीन बुकात (पेशंटच्या उपचाराची वही) नोंद करून घेतली, गोळ्यांची एक बाटली मिळाली. सगळं रीतसर.

इथलं जे सेंटर पडतं (नाव घेत नाही) तिथं कागद दिला तर एन्ट्रीवाला म्हणे, "तुमचं नाव अजून तिकडंच दिसून राहिलं, तिकडून सोडल्याशिवाय मले घेता येत नाही." म्हणलं कागद आहे ना हातात, सहीशिक्क्याचा. तर म्हणे कागदानं नाही होत, सिस्टिममध्ये यायला पाहिजे. पुण्याला फोन लावला, कधी एंगेज, कधी कोणी उचललाच नाही, एकदा लागला तर ते काम पाहणारा माणूस सुट्टीवर. इकडे आलं की "सोमवारी या". सोमवारी गेलं की परत तेच. नवीन नोकरी, सुट्टी मागायची तर कारण काय सांगायचं, पोट बिघडलं किती वेळा सांगणार. रात्री झोपायच्या आधी बाटली तळहातावर उपडी करून गोळ्या मोजायचो, बोटानं एकेक सरकवून, जसं काही मोजल्यानं वाढणार आहेत.

मग मी म्हणलं की ठीक आहे, नाव नका घेऊ, ट्रान्झिटमध्ये गोळ्या द्या. परगावी अडकलेल्या पेशंटला ग्रीन बुक पाहून दुसऱ्या सेंटरनं थोड्या दिवसांचं औषध द्यायची सोय आहेच. तर उत्तर काय, "ट्रान्झिट जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी असते, तुम्ही तर कायमचे आले." म्हणजे कायमचा आलो म्हणून ट्रान्झिट नाही आणि सिस्टिममध्ये नाही म्हणून कायमचा नाही! अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

त्या बाकड्यावर बसून बसून लोकांशी बोलणं झालं. भिवापूरकडच्या एक ताई होत्या, नवरा गेला, सासरी कोणाला काही माहीत नाही, "सासूले कंबरेच्या दुखण्याचं सांगून येतो" म्हणे, एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून जरा जमतं नाहीतर मजुरी बुडवून वर भाडं द्यायचं म्हणजे एखादा महिना राहूनच जायचा. हिंगण्याचा एक पोरगा, खोलीत चौघं, बाटली उघडली की खुळखुळते म्हणून त्यात कापूस कोंबलेला, आणि सगळे खोलीवर असले की त्या दिवशी गोळीच नाही. एका काकांच्या रिपोर्टमध्ये व्हायरस दिसला नाही, त्यांना वाटलं बरे झालो, सोडून दिल्या, मग टीबी घेऊन परत आले. आमच्या वेळच्या एफाविरेन्झवाल्या गोळीनं चक्कर यायची, भलतीसलती स्वप्नं पडायची, तेव्हा बऱ्याच जणांच्या गोळ्या त्यापायी सुटल्या. आता डोल्युटेग्राविरवाली टीएलडी आली, दिवसाला एकच, तिचा तसा त्रास कमी. औषध फुकट तर २००४ पासूनच आहे. पण औषध फुकट असलं तरी बुडालेला रोज कोण भरून देतं?

आणि एकदा थांबलं की फार वेळ लागत नाही हो, काही आठवड्यांत व्हायरस रक्तात परत वर येतो, सीडी४ (रोगाशी लढणाऱ्या पेशी) घसरतो, अर्धवट घेत राहिलं तर औषध लागू पडेनासं होऊ शकतं. व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) दबलेला असला की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, ते संरक्षणही जातं. हे सगळं काउन्सेलर आपल्याला समजावतात, एन्ट्रीच्या खिडकीवाल्यालाही कोणीतरी समजवा.

शेवटी खिडकी सोडली आणि सरळ मेडिकल ऑफिसर मॅडमच्या केबिनमध्ये गेलो, ग्रीन बुक, ट्रान्सफरचा कागद आणि बाटली टेबलावर ठेवली, म्हणलं मॅडम एवढ्याच उरल्या, नाही देत असाल तर तसं लिहून द्या. त्यांनी बाटली पाहिली आणि दोन मिनिटांत महिन्याचं औषध लिहिलं. दोन मिनिटांत! पुण्यालाही त्यांनीच फोन करायला लावला आणि पुढच्या खेपेपर्यंत नाव चढलेलं होतं. बाहेर येऊन रडायलाच आलं मला, खरं सांगतो. म्हणून म्हणतो, खिडकीवर नाही झालं तर थेट डॉक्टरला भेटा, आणि बाटली सोबत न्याच, नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

जुनं सेंटर सोडताना नुसता कागद घेऊन निघू नका, एन्ट्रीवाल्यासमोर उभं राहून "सिस्टिममधून सोडलं का" विचारा आणि तिथल्या काउन्सेलरचा नंबर घ्या. ग्रीन बुकाच्या सगळ्या पानांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. अडलं तर १०९७ ही फुकट हेल्पलाईन आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं वीस किंवा जास्त माणसं काम करतात अशा दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव बिनधास्त विचारा. मधे गॅप पडला असेल तरी जा, कोणी रागावलं तर रागावू दे, गोळ्या परत सुरू होतात.

आणि हो, राहिलंच, टीएलडीवाल्यांनी कॅल्शियम, आयर्न किंवा गॅसची पातळ औषधं त्याच वेळी घेऊ नका, गोळीचा असर कमी होतो. गोळी आधी घ्या, बाकीचं दोन तासांनी, आणि ते आधी घेतलं गेलं असेल तर गोळी सहा तासांनी.