वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळा पाहायला जाताना

पुण्याहून सातारा रस्त्याने निघून नसरापूरच्या फाट्याला उजवीकडे वळलं की आंबवणे, मार्गासनी करत गाडी वेल्ह्याला पोहोचते. कागदोपत्री आता हा राजगड तालुका, पण लोकांच्या तोंडी वेल्हेच आहे. पुण्यापासून साठेक किलोमीटर. स्वतःची गाडी असेल तर सकाळी साडेसातला निघा, म्हणजे साडेदहाच्या परिपाठाला वाडीवरच्या शाळेत उभे असाल. एसटीने गेलात तर वेल्ह्याच्या पुढे पासली-केळदकडे जायला दिवसभरात मोजक्याच गाड्या मिळतात. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या. पानशेतकडच्या शाळा याच तालुक्यात येतात, पण तिकडे खडकवासल्यावरून जाणं सोयीचं. दोन्ही बाजू एका दिवसात उरकायला गेलात तर एकाही वर्गात पाऊण तास बसणं होणार नाही.

जायचं ते ऑक्टोबर ते जानेवारी, दिवाळीची सुट्टी सोडून. जुलैमध्ये इकडे पाऊस कोसळत असतो. शिवाय भातलावणीच्या दिवसांत मोठी भावंडं धाकट्यांना सांभाळायला घरी थांबतात, त्यामुळे हजेरी पाहून चुकीचं मत बनतं. ऑक्टोबरचा आणखी एक फायदा असा की संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मिळणार ते ठरवताना, ३० सप्टेंबरचा पट (दाखल मुलांची संख्या) धरतात, म्हणून तोवर पटाचा आकडा स्थिरावलेला असतो. मार्च टाळाच, तेव्हा गुरुजी हिशेबात बुडालेले असतात. दोन गोष्टी फोनवर आधीच विचारून घ्या: त्या दिवशी केंद्राची (आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद, म्हणजे शिक्षकांची बैठक आहे का, आणि नियतकालिक मूल्यांकन चाचणी चालू आहे का. शनिवारी शाळा सकाळची असते, तुम्ही पोहोचेपर्यंत सुटलेली असेल.

परवानगीचं पत्र पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे द्या आणि आवक शिक्का घेतलेली प्रत जवळ ठेवा. पत्रात काय पाहणार, मुलांना काय विचारणार, फोटो काढणार की नाही हे स्पष्ट लिहा. एक प्रत केंद्रप्रमुखांना द्या, कारण शाळांची खरी ओळख त्यांनाच असते. साखळी साधीच आहे: जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक), तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, बीटला (काही केंद्रांच्या गटाला) विस्तार अधिकारी, आणि दहा-बारा शाळांच्या केंद्राला केंद्रप्रमुख. राज्यात अशी ४८६० केंद्रं आहेत. यातली बरीच पदं प्रभारी चालतात, म्हणजे स्वतःचा वर्ग सांभाळून एखादा शिक्षकच केंद्र पाहतो. अशा केंद्रात भेट ठरवताना त्या गुरुजींच्या वर्गाचा तास मोडणार नाही अशी वेळ मागा.

शाळांची नावं इथे देत नाही. दोन शिक्षकी शाळेचं नाव लिहिलं की शिक्षकाचंच नाव लिहिल्यासारखं होतं.

वाडीवरची शाळा म्हणजे पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. आत गेल्यावर आधी फळ्याचा कोपरा पाहा: तिथे मुलं, मुली, एकूण आणि त्याखाली पट, हजर लिहिलेलं असतं. मग हालचाल रजिस्टर मागा. शिक्षक कोणत्या कामासाठी कधी बाहेर गेले, हे त्यात कळतं, आणि शाळेचा निकाल कशावर ठरतो हेही तिथेच दिसू लागतं.

हिशेब करून पाहा. परिपाठ, जेवणाची सुट्टी, हजेरी, माहिती भरणं वजा जाता शिकवायला दिवसाचे साधारण पाच तास उरतात. दोन शिक्षक असले तर प्रत्येक वर्गाच्या वाट्याला अडीच तास येतात. एक जण प्रशिक्षणाला, बीएलओच्या (मतदार याद्यांच्या) कामाला किंवा दुसऱ्या शाळेत तात्पुरत्या कामगिरीवर गेला की उरलेल्या गुरुजींच्या गळ्यात चारही वर्ग पडतात आणि प्रत्येकाला सव्वा तास मिळतो. त्यातही पहिलीतल्या मुलांना सोडून उठता येत नाही, म्हणून उपाशी राहते ती तिसरी. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं सांगितली आहेत. पण मतदार याद्यांचं काम निवडणुकीच्याच खात्यात मोडतं आणि ते वर्षभर पुरतं.

याच कायद्यात प्राथमिक शाळेला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक धरलेले आहेत. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने मात्र वीसपर्यंत पटाच्या शाळेला एकच नियमित पद ठेवलं. दुसरं पद गरज भासल्यास, तेही निवृत्त शिक्षकांमधून. डोंगरी तालुक्याला याचा फटका थेट बसतो, कारण वीसच्या आतल्या शाळा इथे जागोजागी आहेत. ‘दोन मुलांमागे शिक्षक कशाला’ असं म्हणणाऱ्यांनी एकशिक्षकी शाळेत एक पूर्ण दिवस बसावं. पट आठ असला तरी इयत्ता चारच राहतात.

बदल्यांचा प्रश्नही इथेच समजून घ्या. अवघड क्षेत्रात, म्हणजे दुर्गम ठरवलेल्या गावांत, सलग तीन वर्षं सेवा झाली की शिक्षकाला बदलीचा हक्क मिळतो. हा नियम शिक्षकांच्या बाजूने न्याय्यच आहे, आडवाटेला कोणी जन्मभर का राहावं? पण पहिलीला हाताशी आलेलं पोर चौथीत जायच्या आत गुरुजी बदलून जातात. एकाच वर्षी दोघांची बदली झाली तर मुलांची माहिती असलेलं शाळेत कोणी उरत नाही. म्हणून मुख्याध्यापकांना विचारा, आधीच्या शिक्षकाने प्रत्येक मुलाची नोंद ठेवून दिली होती का? जिथे अशी वही हातोहात दिली जाते, तिथे बदलीचं नुकसान निम्म्यावर येतं. एवढी साधी गोष्ट केंद्रप्रमुखांनी सक्तीची केली तर फार काम होईल.

आता मुलांना काय येतं ते. भिंतीवरची रंगीत चित्रं, स्मार्ट टीव्ही, पुरस्कारांचे फ्रेम यावरून काही ठरवू नका. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाची जुनी साधी पद्धत पुरते: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. मूल एकटं, सावलीत, गुरुजींच्या नजरेआड नव्हे पण चार हात लांब बसवा. गोष्ट आधी मनात वाचू द्या. इकडच्या बोलीत ‘न-ण’ची अदलाबदल होते, ती चूक धरू नका.

उत्तर चुकलं तर ते कसं चुकलं ते लिहून घ्या. पाटीवर ५२ वजा १७ दिलं आणि ४५ आलं, तर मुलाला वजाबाकी येत नाही असं नसतं. त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केला: सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार. म्हणजे दशक सुटं करणं हातात आलेलं नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे घेऊन पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडायला सांगा, त्यातून सतरा काढायला सांगा. गठ्ठा सोडावा लागतो हे मुलाच्या हातांना कळलं की पाटीवरची चूक सुधारायला लागते. बहुतेक शाळांत या काड्या कपाटात असतात, कारण चार इयत्तांच्या धावपळीत त्या काढून मांडायला दहा मिनिटं मिळत नाहीत.

टक्केवारी मागूच नका. चौथीत तीन मुलं असतात तिथे एक मूल आजारी पडलं की निकाल तेहतीस टक्क्यांनी घसरतो. त्याऐवजी पायाभूत आणि संकलित चाचण्यांच्या नोंदी मुलागणिक, दोन-तीन वर्षांच्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. शिष्यवृत्तीचंही तसंच. २०१६-१७ पासून ही परीक्षा पाचवी-आठवीला होती, त्यामुळे चौथीपर्यंतच्या शाळांच्या नावावर काहीच लागत नव्हतं. आता ती पुन्हा चौथी-सातवीला आणली आहे. तेव्हा जुनी यादी दाखवून ‘या शाळेतून कोणी बसलंच नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे.

जेवणाच्या सुट्टीत स्वयंपाकाच्या खोलीकडे जा. पहिली ते पाचवीला दर मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम असं प्रमाण आहे. १९ मुलं हजर असली तर तांदूळ १ किलो ९०० ग्रॅम, डाळ ३८० ग्रॅम. नोंदवही, फळ्यावरची हजेरी आणि पातेलं या तिघांचा मेळ बसतो का, एवढंच पाहायचं. पंचवीसपर्यंत पटाला एकच मदतनीस ताई मिळते. महिन्याला अडीच हजार मानधनात पाणी आणणं, शिजवणं, वाढणं, भांडी, सगळं तीच करते. बिघडतं ते बहुधा इंधन-भाजीचे पैसे उशिरा आल्यामुळे. तोवर दुकानाची उधारी गुरुजींच्या खिशातून भागते, आणि वहीत ती कुठेच दिसत नाही. म्हणून हे तोंडी विचारा, सौम्यपणे.

पैशाचा दुसरा भाग म्हणजे ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान. तीसपर्यंत पटाला वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००. एका मुलाने १५,००० चा फरक पडतो. दहा हजारातले किमान दहा टक्के स्वच्छतेला. उरलेल्यात वीजबिल, खडू, कागद, इंटरनेट आणि गळक्या कौलांची डागडुजी. अनुदान वर्षाच्या उत्तरार्धात येतं आणि ३१ मार्चला न वापरलेली खर्चाची मर्यादा परत जाते, म्हणून जूनपासूनचं थकलेलं वीजबिल आणि मार्चमधली घाईची खरेदी एकाच शाळेत दिसते. मोठी दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या निधीतून होऊ शकते, पण त्यासाठी वार्षिक आराखड्याच्या ग्रामसभेत विषय मांडावा लागतो. इथेच शाळा व्यवस्थापन समितीचा कस लागतो. समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. इतिवृत्ताची वही चाळताना सह्यांपेक्षा ठराव पाहा. महिनोन्महिने एकाच हस्ताक्षरात ‘सर्वानुमते मंजूर’ असेल तर बैठक कागदावरच झाली असं समजा. ‘दुसरा शिक्षक कामगिरीवरून परत मिळावा’ असा ठराव आणि त्याच्या पत्राचा जावक क्रमांक सापडला, तर त्या वाडीतल्या पालकांना आवर्जून भेटा.

सोबत खाऊ, वह्या वाटायला नेऊ नका. मुलांचं लक्ष दिवसभर पिशवीकडे राहतं आणि पुढच्या पाहुण्याकडूनही तीच अपेक्षा होते. पिण्याचं पाणी आणि डबा आपापला न्या, नाहीतर तुमचा पाहुणचार करायला एक शिक्षक वर्गातून उठतो. अडखळत वाचणाऱ्या मुलाचा व्हिडिओ काढू नका, पालकांची लेखी परवानगी असली तरी.

निघण्याआधी शेरेबुकात चार ओळी लिहा: काय चांगलं दिसलं, कोणत्या मुलाला नेमकी कशाची मदत हवी. ‘शाळा उत्तम’ असा शेरा कोणाच्याच कामाचा नाही. शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांकही (शाळांच्या सरकारी माहिती नोंदणीतला क्रमांक) उतरवून घ्या, पुणे जिल्ह्याचा २७२५ ने सुरू होतो. घरी गेल्यावर त्यावरून पट, शिक्षकसंख्या, खोल्या, स्वच्छतागृहं यांची सरकारी नोंद पोर्टलवर काढा आणि प्रत्यक्ष पाहिलेल्याशी ताडून बघा. तफावत आढळली तर आधी मुख्याध्यापकांना कळवा, कारण दुरुस्तीची मुभा ठरावीक मुदतीतच असते. तुमचं टिपण एका पानात, मराठीत, शाळेला आणि केंद्रप्रमुखांना आठवड्याच्या आत पाठवा, म्हणजे पुढच्या शिक्षण परिषदेत त्यावर बोलता येईल.