आमची वाटचाल : कळंब, बार्शी आणि पुन्हा कळंब

मराठवाड्यातल्या कळंबच्या बाजारात आमचं लाकडी घाण्याचं दुकान आहे. हा धंदा सुरू झाला तालुक्यातल्याच मांजराकाठच्या एका लहान गावात, निजामाच्या राजवटीत. आजोबांचा बैलघाणा होता. दगडी उखळ, त्यात फिरणारा बाभळीचा दांडा म्हणजे लाट, डोळ्यांना झापड बांधलेला बैल. गावकरी आपापली करडई आणून द्यायचे आणि तेल घेऊन जायचे. पेंड बहुतेक वेळा मजुरीपोटी आजोबांकडे राहायची.

15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, आम्ही नाही. इंग्रज गेले तरी त्यांच्या छत्राखाली वाढलेलं हैदराबाद संस्थान भारतात यायला तयार नव्हतं. बार्शी मुंबई इलाख्यात, म्हणजे स्वतंत्र मुलखात. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. अलीकडे निजामाचा हाली शिक्का चालायचा, पलीकडे इंग्रजी रुपया, म्हणजे कलदार. सात हाली रुपयांना सहा कलदार हा हिशेब आजोबांना तोंडपाठ होता, कारण आमचे तेलाचे डबे बार्शीच्या पेठेत जायचे.

1948 च्या उन्हाळ्यात निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा जाच सोसेनासा झाला. गावंच्या गावं सरहद्दीपलीकडे निघाली, त्यात आमचंही घर होतं. आजोबांनी गाडीत घाण्याची लाट घातली. आजी चिडली, "लेकरांना पीठ पुरंना, अन् हे लाकूड कशाला?" आजोबा म्हणाले, "उखळ कुठंबी गावंल. लाट माझ्या हाताखालची हाय."

बार्शीत ते दुसऱ्याच्या घाण्यावर राबले. त्या भागात मुक्तिसंग्रामाची शिबिरं होती. तिथल्या चुलीसाठी ते आपल्या मजुरीतलं तेल पोचवायचे, पैसे न घेता. कुठल्याही कागदावर त्यांचं नाव नाही आणि पेन्शनसाठी त्यांनी कधी अर्जही केला नाही. पण मला विचाराल तर आमच्या पेढीचा सगळ्यात मोठा व्यवहार तोच.

13 सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 सप्टेंबरला निजाम शरण आला. घरचे परतले तेव्हा घाण्याच्या छपराचे वासे कोणी नेलेले होते. उखळ मात्र जागच्या जागी होतं. शेजारच्या मुसलमान तांबोळ्याच्या घरानं त्यावर कडब्याची गंजी रचून ते झाकून ठेवलं होतं. या फौजी कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, रझाकारांवरचा राग मराठवाड्यात ठिकठिकाणी निरपराध मुसलमानांवर निघाला, कित्येकांचे जीव गेले. त्या दिवसांत ते सगळं कुटुंब आमच्या माजघरात राहिलं. आमच्या घरात मुक्तिदिनाची गोष्ट सांगताना हेही सांगितलं जातं. ते गाळलं तर ती गोष्ट अर्धीच राहील.

पुढचं थोडक्यात. 1972 च्या दुष्काळात बैल विकावे लागले. वडिलांनी कळंबला किराणा टाकला. रिफाइंड तेलाचे डबे आले आणि गावोगावचे घाणे बसले. मी धंद्यात आलो तेव्हा घाणा पुन्हा सुरू करायचा हे मनाशी पक्कं होतं. आता तो विजेच्या मोटारीवर चालतो, पण लाट लाकडाचीच आहे. मुद्दाम संथ फिरवतो, म्हणजे तेल तापत नाही. मग ते भांड्यात निवळू देतो आणि वरचं तेवढं गाळून घेतो.

अडचण आहे ती करडईचीच. काटेरी पीक, काढणीला मजूर तयार होत नाहीत, म्हणून रब्बीत लोक हरभऱ्याकडे वळले. आपल्या काळ्या रानात, कमी पाण्यावर, जमिनीतल्या ओलीवर येणारं हे तेलबियांचं पीक हातचं जाऊ द्यायला माझं मन घेत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’सारखे वाण दिलेले आहेत. कळंब, वाशी, केज भागात यंदा ज्यांना करडई पेरायची असेल, त्यांनी दसऱ्याच्या आत दुकानावर यावं. बियाणं आम्ही देऊ, काढणीच्या मजुरीसाठी उचल देऊ आणि माल आमच्याच काट्यावर रोखीनं घेऊ.