आयपॉड आणि गाडी: जुळलं एकदाचं, पण भलत्याच भोकातून

मागच्या वेळी नवी बॅटरी घालून झाकण बसवलं आणि "आता फक्त गाडीला जोडायचा राहिलाय" असं लिहून मोकळा झालो होतो. त्या "फक्त"ने तीन शनिवार खाल्ले.

तोच आयपॉड, ५.५ जेन (आयपॉड व्हिडिओची सुधारित पिढी), ८० जीबीवाला. हार्ड डिस्कच्या जागी मेमरी कार्डाचा ॲडॅप्टर, आत रॉकबॉक्स (ॲपलच्या सॉफ्टवेअरऐवजी चालणारं मुक्त सॉफ्टवेअर), सगळी गाणी साध्या फोल्डरांत, बहुतेक फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवता दाबलेल्या फाइली. घरात, ऑफिसात, हेडफोनवर काही तक्रार नाही. गाडीच्या स्टिरिओला यूएसबीने लावला की मात्र पडद्यावर आधी आयपॉडचं चित्र, मग चार-पाच सेकंद फिरणारं चक्र आणि मग "कनेक्शन एरर". प्रत्येक वेळी तसंच. त्या स्टिरिओच्या तोंडावर "आयपॉड" असं छापलेलं आहे, म्हणून राग जास्त.

पहिला संशय केबलवर. पुण्याच्या तपकीर गल्लीतून तीस पिनांच्या दोन केबल आणल्या. त्यातल्या एकीत डेटाच्या तारा नव्हत्याच, नुसती चार्जिंगची केबल डेटा केबल म्हणून माझ्या गळ्यात मारली. मीटर न लावता केबल घेऊ नका, हे मीच इथे दहादा सांगितलंय. असो. दुसरी केबल चांगली निघाली, एरर तीच.

मूळ फर्मवेअरमध्ये, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये, बूट करून बघा, असं दोघांनी सुचवलं होतं. होल्डचं बटण सरकवून ॲपलच्या फर्मवेअरमध्ये गेलो, केबल लावली आणि गाडीने लगेच ओळखला! गाणी शून्य दाखवली, पण ते बरोबरच आहे. माझी गाणी आयट्यून्सच्या डेटाबेसमध्ये नाहीतच. म्हणजे केबल ठीक, पोर्ट ठीक, आयपॉडही ठीक. बिनसतंय ते रॉकबॉक्स आणि स्टिरिओ यांच्या बोलण्यात.

हे डोक्यात शिरायला दुसरा शनिवार उजाडला. लॅपटॉपवर लिनक्स चालू करून, रॉकबॉक्समधला आयपॉड लावून एलएसयूएसबी (यूएसबीला काय जोडलंय ते सांगणारी कमांड) मारलं. उत्तर आलं ०५एसी:१२०९. पहिला आकडा ॲपलचा, दुसरा या मॉडेलचा. रॉकबॉक्स यूएसबीवर नुसता ड्राइव्ह होऊन बसतो, पण ओळखपत्र ॲपलचंच दाखवतो. स्टिरिओ ते वाचून म्हणतो, अरे वा, आयपॉड, आणि आयपॉडच्या भाषेत, म्हणजे आयएपी प्रोटोकॉलमध्ये, नमस्कार-चमत्कार सुरू करतो. समोरून उत्तर नाही. दार बंद. यात रॉकबॉक्सची काही चूक नाही, कॉम्प्युटरला ते ओळखपत्र सोयीचंच पडतं.

मग काय, ओळखपत्र बदलायचं. रॉकबॉक्सचा सोर्स उतरवला, टूलचेन (सोर्सपासून प्रोग्राम बनवणारी हत्यारं) बांधायला लावली आणि जेवून, वामकुक्षी काढून परत आलो तरी लॅपटॉपचा पंखा घोंघावतच होता. शेवटी आयपॉड व्हिडिओच्या कॉन्फिग फाइलमध्ये व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी या दोन ओळी बदलून एका जुन्या पेनड्राइव्हचे आकडे घातले. फक्त माझ्या गाडीपुरता हा उद्योग, कुणाला ते बिल्ड (बांधून तयार झालेला प्रोग्राम) देणार नाही, तेव्हा मागू नका. मेक, मेक झिप, कार्डावर टाकलं, रीबूट.

गाडीत गेलो. केबल लावली. आयपॉडचं चित्र आलं नाही, यूएसबीचं आलं! फोल्डरांची नावं एकेक करून पडद्यावर उमटली. पार्किंगमध्ये एकट्यानेच स्टिअरिंगवर थाप मारली, तर हॉर्न वाजला आणि वॉचमन धावत आला.

पहिला फोल्डर उघडला. रिकामा. दुसरा. रिकामा. दहाव्या फोल्डरात तीन गाणी दिसली, ती एमपीथ्री होती. स्टिरिओला फ्लॅक कळतच नाही. मॅन्युअलमध्ये पान ३१ वर लिहिलंय, एमपीथ्री आणि डब्ल्यूएमए. ते मॅन्युअल डॅशबोर्डच्या खणात माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर गेली कित्येक वर्षं पडलंय.

सगळं एमपीथ्रीत बदलायला घेतलं होतं, पण एका अल्बमनंतर हात थांबला. गाडी कार्डावरच्या फाइली स्वतः वाचून स्वतःच वाजवणार असेल, तर त्यात आयपॉडचं काय राहिलं? ज्या वुल्फसन डॅकसाठी (फाइलीतल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप) आपण ही ५.५ जेन शोधत फिरतो, तो डब्ल्यूएम८७५८ तर नुसता झोपलेला. चाकसुद्धा बंद. एवढा खटाटोप करून मी चारशे रुपयांचा पेनड्राइव्ह बनवला होता. यूएसबीचा नाद तिथेच सोडला आणि जुनं बिल्ड परत टाकलं.

तिसरा शनिवार, लाइन आउट, म्हणजे हेडफोन ॲम्प टाळून थेट बाहेर येणारा आवाज. हेडफोनच्या भोकातून ऑक्सला (स्टिरिओचं बाहेरचा आवाज घेणारं भोक) जोडणारे बरेच आहेत, पण तिथे आवाज हेडफोन ॲम्पमधून येतो, गाडीचा ॲम्प त्याला पुन्हा वाढवतो. खालच्या कनेक्टरच्या पिन ३ आणि ४ वर उजवी-डावी लाइन आउट मिळते, पिन २ ग्राउंड. सुटा प्लग आणला, बारीक टोकाची इस्त्री... म्हणजे सोल्डरिंग आयर्न, माझा मुलगा त्याला इस्त्री म्हणतो आणि आता मीही. त्या पिना इतक्या जवळजवळ की तिसरीवर टाका घालताना थेंब चौथीवर ओघळतो. तांब्याच्या वातीने शोषायचा, पुन्हा घालायचा. चौथ्या प्रयत्नात जमलं. प्रत्येक टाक्यावर श्रिंक ट्यूब, वरून गरम गोंद. माझ्या हातून इतकं सुबक काम क्वचित होतं, म्हणून दोन मिनिटं दिव्याखाली धरून नुसतं बघत बसलो.

गाडीत लावलं. आवाज शून्य.

अर्धा तास मीटर घेऊन सगळ्या तारा तपासल्या. मग आठवलं, मागच्या हिवाळ्यात बॅटरी वाचवायला रॉकबॉक्समधला लाइन आउट मीच बंद केला होता. सुरू केला. आणि हो, फरक आहे. तबल्याचा डग्गा घुमतो तेव्हा दाराची पट्टी थरथरते. बायको मागच्या सीटवर पिशव्या ठेवत होती, ती म्हणाली, "अहो, हे आधीच का नाही केलंत?"

आता इथे संपवायला हरकत नव्हती. पण रॉकबॉक्समध्ये कार अडॅप्टर मोड आहे. गाडीची किल्ली काढली, वीज गेली की गाणं थांबतं. किल्ली फिरवली की तिथूनच पुढे सुरू. त्यासाठी आयपॉडला गाडीची वीज हवी. म्हणून त्याच प्लगमध्ये पिन २३ वर पाच व्होल्ट दिले, सिगारेट सॉकेटच्या चार्जरमधून. मोड झकास चालतो. पण इंजिन सुरू झालं की तानपुऱ्याच्या मागे आणखी एक तानपुरा, ॲक्सिलरेटर दाबला की त्याचा सूर चढतो. अल्टरनेटर, इंजिनवर फिरून वीज बनवणारा!

चार्जर काढून पॉवर बँक लावली, शिट्टी गायब. म्हणजे ग्राउंड लूपच, ग्राउंडला दोन वाटा मिळाल्याचा गोंगाट: ऑक्सच्या शील्डमधून एक वाट आणि चार्जरच्या ग्राउंडमधून दुसरी. ऑनलाइन अडीचशेला मिळतो तो ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर ऑक्समध्ये घातला. शिट्टी गेली आणि तिच्याबरोबर डग्गाही गेला, पत्र्याच्या डब्यावर बोटं आपटल्यासारखा. ज्यांना तो आयसोलेटर आवडतो त्यांनी पखवाज लावून बघावा. मी तो काढून टाकला.

मग आयसोलेशन आवाजाकडे न करता विजेकडे केलं. बी०५०५एस नावाचा छोटा मॉड्यूल, पाच व्होल्ट आत, पाच व्होल्ट बाहेर, मधे तारेचा संबंध नाही. शिट्टी नाही, डग्गा शाबूत. पण तो मॉड्यूल एक वॅटचा, म्हणजे २०० मिलीॲम्पिअर, आणि आयपॉड चार्ज होताना त्याहून बरंच जास्त मागतो. दोन मिनिटांत मॉड्यूलला बोट लावता येईना, व्होल्टेज ४.३ वर आलं. कार अडॅप्टर मोडला वाटलं गाडी बंद झाली, गाणं थांबवलं. भार कमी झाला, व्होल्टेज चढलं, गाणं सुरू. पुन्हा थांबलं. कात्रज ते शिरवळ एकच बंदिश ऐकली, तीही तुकड्यातुकड्यांत.

मोठ्या वॅटचा मॉड्यूल मागवणार होतो, पण हे लिहिता लिहिताच वाटलं, मला चार्जिंग हवंय कुठे? नव्या बॅटरीवर आठवडा सहज जातो. मोडला फक्त वीज आहे की नाही एवढंच कळायला हवं. डेटाच्या दोन पिनांवर मी रेझिस्टर लावून "हा दणकट चार्जर आहे" असं आयपॉडला सांगितलंय, ते काढले तर तो कमी खेचेल का? कुणी ५.५ वर मोजलं असेल तर आकडा सांगा. नाहीतर शनिवारी गोंद खरवडून मीच बघतो. इतका छान बसवला होता तो.